स्टोरी (टीमच्या कामाचा एक छोटा तुकडा) एका स्प्रिंटमधून (कामाचा ठराविक आठवड्यांचा टप्पा) दुसऱ्यात गेली तर सायकल टाइम, म्हणजे काम सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ, कसा मोजायचा?
स्प्रिंट बदलला म्हणून मोजणी परत शून्यापासून सुरू करायची नाही, बऱ्याच टीम इथेच चुकतात. स्टोरी 'इन प्रोग्रेस'मध्ये गेली तिथून 'डन' होईपर्यंतचे कॅलेंडर दिवस मोजा, शनिवार-रविवार आणि ब्लॉक होऊन पडलेले दिवस धरूनच, कारण वाट बघणाऱ्याला तेवढेच दिवस थांबावं लागलं ना. म्हणजे ३ तारखेला सुरू, १८ ला संपली तर दोन्ही दिवस धरून १६, आणि ती जिथे संपली त्या स्प्रिंटमध्ये धरा. सरासरी नको प्लीज, एकच रखडलेली स्टोरी सगळा आकडा फुगवते, मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) आणि ८५ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ८५ स्टोरी जितक्या दिवसांत संपतात तो आकडा) बघा. आणि हो, उरलेल्या कामाची नवी स्टोरी काढून जुनी बंद करू नका, आधीचे दिवस हिशोबातून गायबच होतात.