घरबांधणी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: विलेपार्ल्यात आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे, तिचा पुनर्विकास करायचा आहे. प्लॉट १००० चौरस मीटरचा, समोर १२ मीटरचा रस्ता. विमानतळाची एनओसी ४२ मीटरची मिळाली. तेवढ्यात १३ मजले बसतील असा आमचा हिशेब होता. आर्किटेक्ट मात्र सातच मजले दाखवतात. चूक कोणाची? आणि ही मर्यादा एवढी कमी का?

उत्तर: चूक हिशेबाची. एनओसीतले ४२ मीटर तुमच्या अंगणापासून मोजलेले नाहीत, ते समुद्रसपाटीपासूनचे आहेत. आधी जमिनीची पातळी वजा करायची. ती ९.५० मीटर असेल, तर हातात ३२.५० मीटर राहतात. आणि ही मर्यादा गच्चीपर्यंतची नाही, इमारतीच्या शेंड्यापर्यंतची आहे. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचे छप्पर, अँटेना, वीजरोधक दांडा, काहीही त्या रेषेच्या वर जाता कामा नये. एनओसीच्या अटींत हे एकेक नाव घेऊन लिहिलेले असते, पण सोसायटीत तो कागद पूर्ण वाचणारे थोडेच.

आता नेहमीच्या पद्धतीने मोजा. गच्चीवर लिफ्टची खोली, तिच्या डोक्यावर टाकी, वर दांडा: साधारण ६.५० मीटर गेले. खाली जोते आणि स्टॅक पार्किंगचा (एकावर एक गाड्या) उंच स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, मिळून ४.५० गेले. उरले २१.५०. एक मजला २.९० मीटरचा धरला तर सात मजले होतात आणि सव्वा मीटर वाया जातो. तुमचे आर्किटेक्ट बरोबर आहेत.

पण एवढ्यावर थांबू नका. उपनगरात १२ ते १८ मीटरच्या रस्त्यावर मूळ १, पैसे भरून घ्यायचा प्रीमियमचा ०.५ आणि टीडीआरचा (दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामहक्क) ०.७ असा २.२ एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या २.२ पट बांधकाम. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा क्षेत्र, धरले की १००० चौरस मीटरवर २९७० चौरस मीटर बांधता येते. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, सोडून तुमच्या प्लॉटवर एका मजल्याला सुमारे ३८० चौरस मीटर बसतात असे समजा. सात मजल्यांत २६६० होतात, म्हणजे ३१० चौरस मीटर कागदावरच राहतात. आठवा मजला मिळाला तर सगळे बसते.

तो मजला बहुतेक वेळा गच्चीवरच सापडतो. मशीनरूम नसलेली लिफ्ट घ्या. टाकी लिफ्टच्या डोक्यावर न चढवता गच्चीच्या स्लॅबवर पसरट, कमी खोलीची बांधा. आगीच्या पाण्याचा साठा अग्निशमन दलाच्या अटीप्रमाणे ठेवावाच लागतो, त्यामुळे पसरट टाकीचे वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या. मग सर्वांत उंच राहते ते जिन्याचे छप्पर आणि दांडा, धरून चला ४.२० मीटर. ३२.५० वजा ४.२० वजा ४.५०, उरले २३.८०. आठ मजल्यांना २३.२० लागतात. ६० सेंटिमीटर हातात राहतात. पावसाळ्यात पाणी तुंबते म्हणून जोते पाऊण मीटर उचलायचे ठरले, की हा मजला पुन्हा गेला. वरची रेषा हलत नाही, खालून उचलाल तेवढे वरून कापले जाते.

मर्यादा एवढी कमी का, हेही विचारले आहे. धावपट्टीच्या समोरचा पट्टा, ज्याला सगळे फनेल म्हणतात, तिथे मोकळे ठेवायचे आकाश धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर सुरू होते आणि पहिले ३ किलोमीटर दर ५० मीटरला १ मीटर चढत जाते. म्हणजे १ किलोमीटरवर जेमतेम २० मीटर. फनेलच्या बाहेर, ४ किलोमीटरच्या आत, विमानतळाच्या पातळीपासून बहुतेक ठिकाणी ४५ मीटर. म्हणून एकाच गल्लीत दोन सोसायट्यांची उंची वेगळी निघू शकते, त्यात कोणाचा वशिला नसतो.

जमिनीची पातळी आणि अक्षांश-रेखांश यांचा दाखला परवानाधारक सर्व्हेअरकडून घ्या आणि कमिटीतल्या कोणी तरी मोजणीच्या वेळी जागेवर उभे राहा. दाखल्यातला आकडा जागेशी जुळला नाही तर एनओसीच रद्दबातल ठरते. आणि क्रम उलटा करू नका. आधी मोजणी आणि एनओसी, मग व्यवहार्यता अहवाल, मग निविदा. सभासदांना किती टक्के जादा कार्पेट (घरातले वापराचे क्षेत्र) मिळणार हे एनओसीच्या आधी करारात लिहून घेतले, तर नंतर भांडण ठरलेले. उंचीत न बसणारा टीडीआर आधी विकत घेण्यातही काही अर्थ नाही.

प्रश्न: पुण्यात आमचा ५०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, २० बाय २५. रस्ता १२ मीटरचा. एफएसआय भरपूर आहे म्हणतात, तरी बिल्डर उंच बांधायला तयार नाही. अडचण काय?

उत्तर: प्लॉटची रुंदी. मुंबई वगळून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत १५ मीटरपेक्षा उंच इमारतीला बाजूला आणि मागे उंचीच्या एक पंचमांश जागा सोडावी लागते, जास्तीत जास्त १२ मीटर. तुमच्या रस्त्यावर २.२५ एफएसआय आणि त्यावर ६० टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे इथले जादा क्षेत्र, धरले तर कागदावर १८०० चौरस मीटर होतात. आता समोर ४.५० मीटर सोडून प्रत्यक्ष आखून पाहा.

स्टिल्ट आणि चार मजले, उंची १५ मीटर: बाजूला ३ मीटर, मजला २४५ चौरस मीटर, एकूण ९८०. स्टिल्ट आणि सात, उंची २४: बाजूला ४.८०, मजला १६३, एकूण सुमारे ११४०. स्टिल्ट आणि अकरा, उंची ३६: बाजूला ७.२०, इमारतीची रुंदी उरते फक्त ५.६० मीटर, मजला ७४ आणि एकूण ८१९. त्या ७४ मधून जिना आणि लिफ्ट वजा केल्यावर घर कुठे बसवणार? उंच गेल्यावर इथे घरे कमी होतात. बिल्डर भित्रा नाही, त्याला हा हिशेब कळतो. शेजारचा प्लॉट जोडून घेता आला तर चित्र पालटते: दोघांमधली मार्जिन जातात आणि रुंदी ४० होते. शेजाऱ्याशी बोलायला आर्किटेक्टपेक्षा कमी खर्च येतो.

प्रश्न: उंचीवरची बंधने सरसकट काढली तर घरे स्वस्त होतील का?

उत्तर: वरच्या दोन उत्तरांत उंची दोनदा आली, आणि ती खरोखर आडवी आली फक्त पार्ल्यात. पुण्याच्या प्लॉटवर मार्जिन आडवे आले. मोठ्या प्लॉटवर बहुधा एफएसआय आधी संपतो: पुण्यातच २००० चौरस मीटरवर, त्याच १२ मीटरच्या रस्त्यावर, ७२०० चौरस मीटर सात-आठ मजल्यांतच बसतात. तिथे उंचीची मर्यादा काढून एकही घर वाढत नाही. एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे, त्यामुळे आमच्या मते जुन्या वस्त्यांत घरे वाढवायची किल्ली रस्तारुंदीत आणि प्लॉट एकत्र करण्यात आहे. शिवाय उंच इमारत प्रत्येक चौरस फुटाला महाग पडते. मुंबईत ३२ मीटरच्या वर रेफ्यूज मजला (आगीच्या वेळी आसरा घ्यायची जागा), अग्निशमन लिफ्ट, जादा पंप आले, १२० मीटरच्या वर तांत्रिक समितीची मंजुरी. हे सगळे आधी किमतीत आणि मग दरमहा मेंटेनन्समध्ये वसूल होते.

प्रश्न: विमानतळाजवळ तयार फ्लॅट घेत आहोत. इमारत मंजूर उंचीपेक्षा जास्त आहे का, हे कसे कळेल?

उत्तर: एनओसीची प्रत आणि पूर्णत्वाच्या वेळी मोजलेल्या शेंड्याच्या पातळीचा दाखला मागा, दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनचे हवेत. नंतर गच्चीवर जाऊन मोबाइलचा टॉवर किंवा जाहिरातीचा सांगाडा उभा आहे का ते पाहा, तोही उंचीत मोजतात. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसेल तर थांबा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये विमानतळाभोवतीच्या ४८ इमारतींचे मर्यादेवरचे भाग पाडायचे आदेश दिले होते. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा.