मेलॅनोमाच्या रिपोर्टमध्ये मार्करकडून किती मागायचं

इंदूर, राजेंद्र नगर

बेटा, सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली. टाचेवरच्या मेलॅनोमाच्या (कातडीतल्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या) गाठीत मेलॅन-ए हा मार्कर (पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) फिकट आला, एचएमबी-४५ जवळजवळ नाहीच, आणि सर्जन विचारतात, ‘मग हा जास्त वाईट का?’ तू दोन शोधनिबंध वाचून ‘हो’ लिहायच्या बेतात आहेस. थांब. मार्कर पेशीचं कूळ सांगतो, तिची पत्रिका, म्हणजे आजार पुढे कसा वागेल ते, नाही. तुझ्या पिढीच्या रिपोर्टांत या दोन गोष्टी एकाच ओळीत मिसळलेल्या दिसतात, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी कुळाचं बघू. एस-१०० हा १९६५ साली गाईच्या मेंदूत सापडला. मेलॅनोमात तो क्वचितच चुकतो, पण मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशी आणि कातडीतल्या लँगरहान्स नावाच्या प्रतिकारक पेशीही त्याने रंगतात. एचएमबी-४५ जीपी-१०० नावाचं प्रथिन ओळखतो. तो बराच नेमका आहे, पण डेस्मोप्लास्टिक (तंतुमय, चट्ट्यासारख्या) मेलॅनोमात बहुतेक वेळा दगा देतो. मेलॅन-ए १९९४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी शोधला, तोही रुग्णांच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कशावर हल्ला करतात ते पाहून. या शोधाचं मला आजही अप्रूप वाटतं. सॉक्स-१० हा आणखी एक मार्कर पेशीच्या केंद्रकात उमटतो, त्यामुळे मोजायला सोपा. मेलॅन-ए आणि एचएमबी दोन्ही गेले तरी सॉक्स-१० आणि एस-१०० सहसा टिकतात. म्हणजे ते दोन्ही रंगले असतील तर तुझ्या केसमध्ये निदान डळमळीत नाही. ट्यूमर पुढे सरकतो, प्रतिकारशक्तीचा दाब सोसतो, तसे रंगद्रव्याशी निगडित अँटिजेन (प्रतिकारशक्ती ओळखते ती प्रथिनं) पुष्कळदा गळतात. त्यावरून मृत्यूचा अंदाज बांधणारे अभ्यास आहेत, पण त्या आधारावर कुठल्याही रुग्णाची स्टेज बदलत नाही.

प्रेम (PRAME) या मार्करबद्दल तू उत्साहाने लिहिलंयस. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८३ टक्के मेलॅनोमात तो सर्वत्र पसरलेला दिसला आणि ८६ टक्के तिळांत अजिबात नव्हता. तीळ की मेलॅनोमा या प्रश्नाला त्याची मोठी मदत होते. पण त्याच अभ्यासात डेस्मोप्लास्टिक प्रकारात तो जेमतेम ३५ टक्क्यांत होता, म्हणून नकारार्थी प्रेम पाहून कुणाला ‘तीळच आहे’ म्हणून घरी पाठवू नकोस. डोळ्यातल्या मेलॅनोमात मात्र प्रेमचा मेटास्टेसिसच्या (कर्करोग शरीरात दुसरीकडे पसरण्याच्या) धोक्याशी खरा संबंध सापडला आहे. तो आजारच जनुकीयदृष्ट्या वेगळा आहे. तिथलं वाक्य टाचेवर आणून चिकटवू नये.

आपल्याकडे निमाडातून, झाबुआ-अलीराजपूरकडून येणाऱ्या माणसांत हा आजार तळपायावर नाहीतर नखाखाली भेटतो. फॉर्मवर ‘नॉन-हीलिंग अल्सर’ (न भरणारी जखम) एवढंच असतं. शेतात काटा लागला, मग मलम, मग साखरेची तपासणी, असे महिने जातात. तिथे इम्यूनोची, म्हणजे मार्करच्या रंगचाचणीची, पहिली अडचण मेलॅनिन या कातडीच्या रंगद्रव्याचीच. चाचणीत वापरायच्या डॅबचा तपकिरी रंग आणि मेलॅनोफेजमधला (मेलॅनिन गिळलेल्या पेशींमधला) तपकिरी रंग शेजारी बसले की अनुभवी माणूसही फसतो. तुमच्याकडे लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) असेल तर तेच वापर, नसेल तर मेलॅनिन ब्लीच करून घे. निगेटिव्ह कंट्रोल (मार्करशिवाय रंगवलेली स्लाइड) शेजारी ठेवल्याशिवाय सही करू नकोस. आणि फिकट मेलॅन-ए पाहून ट्यूमरवर शंका घेण्याआधी फॉर्मॅलिनवर (नमुना टिकवणाऱ्या द्रवावर) घे. नमुना किती वेळ कोरडा पडला होता, तुकडा जाड कापला होता का, त्याच स्लाइडवरचा चांगला तीळ ठळक रंगला का?

नोडमध्येही (लसिकाग्रंथीतही) जपून. एस-१०० ने तिथल्या डेंड्रिटिक (प्रतिकारक) पेशी उजळतात. नोडच्या कॅप्सूलमधला (आवरणातला) साधा तीळ मेलॅन-ए पॉझिटिव्ह असतो. त्याला मेटास्टेसिस म्हटलंस तर एका माणसाची स्टेज आणि उपचार दोन्ही उगाच वाढले. तिथे एचएमबी-४५ आणि प्रेम नकारार्थी असणं तुझ्या कामाला येईल.

आता पत्रिका. ब्रेस्लो या डॉक्टरने १९७० साली सांगितलेलं ट्यूमरच्या जाडीचं मोजमाप अजूनही सगळ्यात भरवशाचं. कातडीच्या ग्रॅन्युलर थराच्या वरच्या कडेपासून सर्वांत खोल पेशीपर्यंत. तळपायाच्या कातडीचा सर्वांत वरचा शिंगासारखा थर जाडजूड असतो, तो मोजणीत धरायचा नाही. अल्सर असेल तर त्याच्या तळापासून मोज. एजेसीसी या कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या आठव्या आवृत्तीत ०.८, १, २ आणि ४ मिलिमीटर या सीमा आहेत, आणि अल्सर असणं-नसणं गट बदलतं. मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) लिही. पंच बायोप्सीच्या (गोल पात्याने काढलेल्या लहान तुकड्याच्या) तळाशीच ट्यूमर संपत असेल तर ‘किमान इतकी जाडी’ असं स्पष्ट लिही. तुझ्या मेलमध्ये सात मार्कर आहेत आणि जाडी नाही!

सर्जनना समजवताना एक खरी गोष्ट सांग. मेज-ए३ अँटिजेन असलेल्या रुग्णांना त्याचीच लस देण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि २०१३ मध्ये तो अपयशी ठरला. अँटिजेन आहे, म्हणून माणूस वाचेलच असं नाही. उलट जीपी-१०० ला धरणारं टेबेंटाफस्प हे औषध २०२२ मध्ये डोळ्याच्या मेलॅनोमासाठी मंजूर झालं, पण ते एका ठरावीक एचएलए (पेशींची वारशाने येणारी प्रतिकारओळख) प्रकाराच्याच रुग्णांना. उपयोगाच्या अशा अटी असतात, म्हणून मी ‘वाईट’ किंवा ‘चांगला’ हे शब्द रिपोर्टात येऊ देत नाही.

मार्करची ओळ निदानाच्या खाली ठेव, ‘मेलॅनोसाइटिक मूळ पक्कं’ एवढीच. जाडी, अल्सर, कडा वर. आणि टाइप करण्याआधी सर्जनना फोन कर. रुंद छेद अजून घेतला नसेल तर थांबायला सांग, कारण जाडी १ मिलिमीटरच्या वर निघाली तर सेंटिनल नोड (ट्यूमरची लसिका सर्वांत आधी जिथे पोचते ती ग्रंथी) त्याच वेळी बघायला हवा. आधी कातडी मोठी काढली की लसिकेचे मार्ग बदलतात. सोमवारी ब्लॉक घेऊन ये, आपण दोघं मिळून मोजू.

तुझे काका