खलाशाला विचारा : एवढासा नांगर, एवढी मोठी होडी

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन हर्णैला आलो होतो. बंदरात भल्यामोठ्या होड्या उभ्या होत्या, आणि त्यांचे नांगर बघितले तर दोन माणसांनी उचलावेत एवढे. एवढंसं लोखंड होडीला कसं काय धरून ठेवतं?
– एक शेतकरी वाचक, बार्शी

उत्तर : तुम्ही शेतकरी आहात, म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याच घरी आहे. आपल्या भाषेत दोघांनाही नांगरच म्हणतात, ते उगाच नाही. होडीचा नांगर वजनाने धरत नाही, रुतून धरतो. ओढ आडवी लागली की त्याचं टोक वाळूत किंवा चिखलात शिरतं आणि ओढाल तितकं खोल जातं. जी. आय. टेलर या ब्रिटिश गणितज्ञाने १९३३ मध्ये चक्क शेतातल्या फाळाच्या आकाराचा नांगर काढला. शिडाच्या होड्यांवर तो अजून दिसतो. खडकाळ तळाला मात्र फाळाचा उपयोग नाही. तिथे चार वाकड्या हुकांचा नांगर कपारीत अडकवायचा, आणि सुटताना तो नखरे करणार हे धरून चालायचं.

ओढ आडवी राहायला दोर लांब हवा. पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची, त्याच्या निदान पाचपट. वारं असेल तर सातपट. नांगराजवळ थोडी साखळी लावतात, तीही तिच्या वजनाने दोर तळाशी दाबून ठेवायला.

हे मी फजिती होऊन शिकलो. सोळा वर्षांचा होतो. ओहोटीला खाली तीन मीटर पाणी, नाळ एक मीटर वर. चार पंचे वीस मीटर दोर सोडला आणि झोपलो. अमावास्येचं उधाण होतं, हे डोक्यातच नाही. रात्री पाणी अडीच मीटर चढलं आणि माझा पाचपट दोर जेमतेम तिप्पट उरला. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. त्यांनी मला उठवलं आणि न बोलता माझा हात दोरावर ठेवला. दोर थरथरत होता, मधूनच हिसका देत होता. नांगर रुतलेला असला की दोर ताणलेला पण शांत असतो. फरफटायला लागला की असा कापतो. मग त्यांनी हर्णैच्या कनकदुर्ग किल्ल्यावरचा दीपस्तंभ दाखवला. संध्याकाळी तो किनाऱ्यावरच्या एका दिव्याच्या बरोबर मागे होता, आता चांगला हातभर बाजूला गेला होता. आणखी पंधरा मीटर दोर सोडला, तेव्हा कुठे होडी थांबली. त्या रात्री मी पुन्हा झोपलो नाही, आणि वडीलही माझ्याशी काही बोलले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, एवढा रुतलेला नांगर दोन माणसं काढतात कशी? दोर ओढत ओढत होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणायची. दोर सरळ उभा झाला की नांगराची दांडी वर उचलली जाते आणि टोक सुटतं. चिखलाचा मोठा गोळा सोबत येतो, तो पाण्यातच खळबळून धुवायचा. नाहीतर होडी धुवायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं.