कार्टून, काडतूस आणि जॉन टेनिएल

प्रश्न आलाय की 'ॲलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणाऱ्या जॉन टेनिएलला व्यंगचित्रकार म्हणावं का, कारण त्याच्या 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातल्या चित्रांत कुणाचंच व्यंग दिसत नाही.

म्हणा की खुशाल. व्यंगचित्र म्हणजे कुणाचं तरी व्यंग दाखवायचं, हे जिथेतिथे ऐकून माझं डोकं उठतं, अगदी भाषणं ठोकणारे विद्वानसुद्धा हेच सांगतात. मूळ शब्द व्यंग्य, व्यंजनेतला, म्हणजे सुचवलेला अर्थ, आपण आळसाने य खाल्ला. नाक फुगवून काढतात ते अर्कचित्र. असो.

खरी मजा 'कार्टून'मधे आहे, कारण त्या शब्दात मुळात विनोद औषधालाही नाही. इटालियनमधे कार्ता म्हणजे कागद, कार्तोने म्हणजे मोठा जाड कागद. भिंतीवर फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्र, रंगवण्याआधी त्याच मापाचं चित्र या कागदावर काढून घ्यायचे, ते कार्टून. खोक्याचं कार्टनही त्यातलंच. १८३४ला लंडनचं पार्लमेंट जळालं, नव्या इमारतीत फ्रेस्को हवेत म्हणून सरकारने स्पर्धा लावली आणि १८४३ला वेस्टमिन्स्टर हॉलमधे ही कार्टून्स मांडली. लोक उपाशी आणि यांना भिंती सजवायच्यात, म्हणून 'पंच'ने १५ जुलैला आपल्या चित्रकाराचं, जॉन लीचचं, चित्र छापलं, फाटकी माणसं श्रीमंतांची पोर्ट्रेट्स बघतायत, आणि त्याला नाव दिलं 'कार्टून नंबर एक'. टोमणा लोक विसरले, शब्द राहिला.

आणि हा टेनिएल १८४५ला त्याच सरकारी खटाटोपात उतरला होता! न्यायाचं भलंमोठं रूपकचित्र दिलं, २०० पौंड मिळवले आणि पार्लमेंटात हाऊस ऑफ लॉर्ड्सकडच्या भिंतीवर फ्रेस्को रंगवला. म्हणजे जुन्या अर्थाने कार्टूनिस्ट आधी झाला, नव्या अर्थाने नंतर, १८५०च्या अखेरीस, 'पंच'चा कॅथलिक चित्रकार रिचर्ड डॉइल त्यांच्या पोपविरोधावर चिडून निघून गेला तेव्हा. माझं तर ठाम मत आहे की पुढची पन्नास वर्षं हा माणूस 'पंच'मधे फ्रेस्कोच काढत होता, फक्त लाकडाच्या ठोकळ्यावर. १८९०चं 'ड्रॉपिंग द पायलट' बघा (पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, बंदरातून जहाज काढून देणारा वाटाड्या). जर्मनीचा म्हातारा चॅन्सेलर बिस्मार्क जहाजाच्या कडेने पायऱ्या उतरतोय, एक हात जहाजाला टेकलेला, वर कठड्यावर रेलून त्याला नारळ देणारा मुकुटवाला तरुण कैसर, म्हणजे सम्राट, बघतोय. कुणाचा चेहरा वेडावाकडा नाही, आणि तरी कुणाचं काय चुकतंय ते सगळं कळतं. टेनिएल ताठर, लीचसारखी गंमत नाही म्हणणाऱ्या समीक्षकांनी आधी हे पाच मिनिटं बघावं, मग लिहावं.

आता माझं लाडकं. आपलं काडतूस! पोर्तुगीज कार्तुशोवरून आलेलं, म्हणजे त्याच कार्ताच्या घरातलं, कारण बंदुकीची दारू कागदात गुंडाळायची आणि तो कागद दाताने तोडायचा. १८५७ला आपल्याकडे याच काडतुसावरून भडका उडाला आणि त्याच ऑगस्टमधे टेनिएलने दोन पानं भरून कार्टून काढलं, ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय आणि वाघाच्या पंजाखाली बाई आणि मूल. म्हणजे भांडण कार्ताच्या एका पोराने लावलं आणि लंडनमधे तेल ओतलं दुसऱ्याने! काडतूस इंग्रजी कार्ट्रिजवरून आलं असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं की मग शेवटचा 'तूस' कुठून आणला.