माहितीपत्रकावर शिक्के चार, खरं अ‍ॅक्रेडिटेशन एकही नाही

"मॅडम, या बिझनेस स्कूलच्या माहितीपत्रकावर चार शिक्के आहेत, त्या दुसऱ्यावर एकही नाही. मग पहिलंच घेऊ ना?" नोकरी सांभाळून एमबीए करू पाहणारी एक मुलगी विचारत होती. फी भरायची मुदत तोंडावर आली होती. अशी शंका घेऊन खूप जण येतात.

मी आधी विचारलं, पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार दोन्हींकडे आहे का? तो सरकार किंवा सरकारने नेमलेली यंत्रणा देते. अ‍ॅक्रेडिटेशन ही त्यापुढची, दर्जाची तपासणी. अधिकार दोन्हींकडे होता.

मग एकेक शिक्का पाहिला. दोन निघाले रँकिंगचे, त्यांचा इथे संबंध नाही. तिसरा एएसीएसबीचा. बिझनेस स्कूलना अ‍ॅक्रेडिटेशन देणारी, १९१६ पासूनची ही नावाजलेली संस्था, त्यामुळे मुलगी खुलली. पण खाली बारीक अक्षरात 'सदस्य' होतं. सदस्यत्व वेगळं, अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं. एएसीएसबीच्या संकेतस्थळावर अ‍ॅक्रेडिटेड संस्थांची यादी आहे, तिच्यात या स्कूलचं नाव नव्हतं. ही यादी स्वतः उघडून बघाच, स्कूलच्या शब्दावर राहू नका.

चौथा शिक्का तर फी भरली की काही दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्यांचा होता. खऱ्या प्रक्रियेत संस्था आधी स्वतःचा सविस्तर अहवाल लिहिते, मग इतर बिझनेस स्कूलमधले अनुभवी लोक येऊन वर्ग, प्राध्यापक, निकाल तपासतात. यात वर्षं जातात, आणि मिळालेलं कायमचं नसतं: एक्विस हे असंच एक नावाजलेलं अ‍ॅक्रेडिटेशन, तेही तीन किंवा पाच वर्षांसाठीच मिळतं. कशाला मिळालंय हेही विचारावं. एक्विस पूर्ण स्कूलला मिळतं, अँबा हे दुसरं अ‍ॅक्रेडिटेशन मात्र एमबीएसारख्या अभ्यासक्रमांना. त्यामुळे अँबाचा शिक्का दिसला, तरी आपला अभ्यासक्रम त्यात येतो का, हे पाहावंच लागतं.

"म्हणजे दुसरं चांगलं?" तेही लगेच ठरत नाही. ते स्कूल नवं होतं, अ‍ॅक्रेडिटेशन नसणं समजण्यासारखं होतं, पण त्याने दर्जा सिद्ध होत नाही. तिने तिथे प्राध्यापकांची माहिती आणि मागच्या तुकडीच्या नोकऱ्यांचा तपशील लेखी मागितला. तो आला, दोन माजी विद्यार्थ्यांशी ती बोलली आणि तिथेच प्रवेश घेतला. तिला आहे त्याच क्षेत्रात बढती हवी होती, म्हणून मीही होकार दिला. परदेशात पीएचडी करायची असती, तर मी तिला वर्षभर थांबून अ‍ॅक्रेडिटेड स्कूललाच अर्ज करायला सांगितलं असतं.