गोधडीचे कंगोरे आणि उरेब पट्टी

प्रश्न : ताई, माझी 60 बाय 60 इंचाची गोधडी भरून झाली, आता काठ सरळ न ठेवता कंगोऱ्यांचा, म्हणजे ओळीने गोलसर वळणांचा, करायचा आहे. कडेच्या एका तुकड्यावर आधी कंगोरे कापून मग सरळ पट्टीचा गोट (काठावर दुमडून शिवायची कापडी पट्टी) लावून बघितला तर सगळीकडे चुण्या, आणि दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खाचेत तर गोळाच झालाय. काय करू?

उत्तर : अगं आधी एक सांग, खऱ्या गोधडीवर अजून कात्री चालवली नाहीयेस ना? मग चालवूच नकोस! कंगोरे नुसते आखायचे, गोट त्या रेघेवर शिवायचा आणि कापायचं सगळ्यात शेवटी. आधी कापलं की वळणावरची कड ताणली जाते, तिन्ही थर एकमेकांवरून सरकतात, मग कितीही इस्त्री फिरव काही उपयोग नाही.

सरळ पट्टी वळणावर बसतच नाही, उरेब पट्टी लागते, म्हणजे 45 अंशात तिरकी कापलेली. 60 च्या बाजूला 6 इंची 10 कंगोरे बरोबर बसतात, खोली 1 इंचच ठेव. तेवढ्या खोलीला एक कंगोरा सरळ मापापेक्षा जेमतेम 7 टक्के लांब होतो, अर्धगोल केलास तर 57 टक्के, आणि खाचाही इतक्या खोल होतात की पहिल्याच वेळी मी तरी कुणाला सांगणार नाही. कोपरा टोकदार ठेवू नकोस, गोल कर. 27 इंचाच्या चौकोनातून सव्वादोन इंच रुंदीची साधारण 320 इंच पट्टी निघते, जोडात थोडी गेली तरी तुला पुरून उरेल.

कार्डाचा साचा करून रेघ आख, पण धुऊन जाणाऱ्या पेनाने, आणि ती रेघ धुवायच्या आधी इस्त्री फिरवू नकोस, उष्णतेने शाई पक्की बसते. रेघेच्या जरा आतून लांब धावदोरा घाल म्हणजे थर हलणार नाहीत. मग पट्टी दुमडून तिच्या उघड्या कडा रेघेला लाव, पाव इंचावर शिव, सुरुवात खाचेत नको, वळणाच्या मध्यावर कर. वळणावर पट्टी ओढायची नाही, सैल सोडायची, ओढलीस की कंगोरा वाटीसारखा आत वळतो.

खाचेत आलीस की सुई खाली कापडात रुतलेली ठेवून फूट (मशीनचा कापड दाबणारा पाय) उचल, गोधडी फिरव, पट्टीची जादा घडी सुईच्या मागे सरकव, फूट टाक आणि पुढे चल. सगळं शिवून झालं की पट्टीच्या कडेने कापून काढ, प्रत्येक खाचेत शिलाईच्या अगदी जवळपर्यंत एक कात्रा दे (शिलाई कापू नकोस म्हणजे झालं), पट्टी मागे उलटून हाताने बारीक टाके घाल. खाचेत मागे आपोआप छोटी घडी पडते, तिथेच एक टाका जास्त.

प्रश्न : कंगोरे नकोत, टोकदार त्रिकोण हवेत, ते सोपे का?

उत्तर : मला तरी सोपे वाटतात, कारण गोधडीचा काठ सरळच राहतो. 3 इंचाचा चौकोन कर्णावर दोनदा दुमडला की 3 इंच पायाचा, दीड इंच उंच त्रिकोण तयार. ते वरच्या कापडाला टोकं आत करून शिवायचे, मग बाहेर उलटून मागचं अस्तर दुमडून हाताने बंद करायचं. फक्त गोधडी भरतानाच कडेला अर्धा इंच टाके न घालता सोड, नाहीतर अस्तर दुमडायला जागाच उरत नाही आणि उसवत बसावं लागतं.