'शहराचा हक्क' म्हणजे 'नागरी हक्क' नव्हे

ब्राझील आणि इक्वाडोर यांच्या कायद्यांत मान्य झालेल्या 'राइट टू द सिटी' (शहराचा लाभ घेण्याचा आणि त्याच्या घडणीत वाटा असण्याचा तेथील रहिवाशांचा हक्क) या कल्पनेला मराठीत 'नागरी हक्क' म्हणावे, की 'शहर' हा परका शब्द टाळून 'नगराधिकार' असा शब्द घडवावा, अशी पृच्छा आहे. 'नागरी हक्क' मुळीच नको. अस्पृश्यतेविरुद्धचा 1955चा कायदा आज 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' या नावाने ओळखला जातो आणि तो खेड्यातल्या विहिरीलाही लागू आहे; म्हणजे तेथे 'नागरी' हा शब्द नागरिकाचा आहे, शहराचा नव्हे. तरीही नगररचनेवरील व्याख्यानांत ही गल्लत बिनदिक्कत चालू असते.

'नगराधिकार' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी मात्र आधी 'शहर' शब्दाची वंशावळ पाहावी. तो फारसीतून आला हे खरे, परंतु फारसीत तो प्राचीन इराणी 'ख्शथ्र' या शब्दापासून उतरला, ज्याचा अर्थ सत्ता किंवा राज्य असा होता, आणि हा 'ख्शथ्र' आपल्या संस्कृत 'क्षत्र' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. प्राचीन इराणचे सासानी राजे आपल्या साम्राज्याला 'एरानशहर' म्हणत, तेव्हा त्यांना नगर नव्हे, अवघे राज्य अभिप्रेत असे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत नहपान राजाला लावलेले 'क्षत्रप' (प्रांताधिपती) हे बिरुदही याच कुळातले. 'नगर' शब्दात वस्ती आहे. 'शहर' शब्दाच्या मुळाशी सत्ता आहे, आणि माझ्या मते येथे तोच शब्द अधिक चपखल बसतो. कारण ब्राझीलच्या 2001च्या शहर कायद्याने जमीन, घर, सांडपाण्याची व्यवस्था आणि वाहतूक यांचा हक्क सांगून न थांबता, शहराचा विकास आराखडा ठरवताना लोकांच्या सहभागाचीही अट घातली. ही व्युत्पत्ती येथे गैरलागू म्हणणाऱ्यांनी सत्तेतील वाटा वगळून या हक्कात काय उरते, ते सांगावे.

हा हक्क कोणाचा, हे सांगतानाही 'नागरिकांचा' म्हणू नये. इक्वाडोरच्या 2008च्या संविधानाचे कलम 31 हा हक्क 'व्यक्तीं'ना देते, तर 2016 साली कीटो येथे स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा नवा शहरी कार्यक्रम ('न्यू अर्बन अजेंडा') भेदभावाविना 'सर्व रहिवाशां'विषयी बोलतो. तो कार्यक्रम स्वतः बंधनकारक नाही. काही देशांनी ही कल्पना आपल्या कायद्यांत उतरवल्याची तो केवळ नोंद घेतो. ज्या देशाला ती खरोखरच कायद्यात आणायची आहे, त्याने 'नागरिक' असा शब्द घातला, तर त्या शहरात राबणारा परदेशी मजूर त्या एका शब्दाने हक्काबाहेर जाईल.